टिटवं कुणी धरायचं?

२८ नोव्हेंबर १८९०. पुण्यात जोतीराव फुले गेले आणि घरात वाद उभा राहिला: टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं? मुलगा यशवंत दत्तक, शिवाय ब्राह्मण विधवेच्या पोटचा. त्याच्या हक्काला भाऊबंदांचा विरोध होता. तेव्हा पत्नी सावित्रीबाईंनीच टिटवं उचललं, त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. त्या काळी बाईमाणूस स्मशानाच्या वाटेला जात नसे. रक्ताचे भाऊबंद अडून बसलेले आणि पोटचा नसलेला मुलगा शेजारी उभा, असं ते घर.

त्याआधीची दोन वर्षं आजारपणाची. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. ते डाव्या हाताने लिहू लागले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं झालं. घरचं कोण काय करत होतं, याच्या नोंदी फारशा नाहीत. अशा सेवेच्या नोंदी ठेवतंय कोण!

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना मांडला आणि आई रोगी गोळा करू लागली. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक तापाने फणफणलेलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत आणलं. वय पासष्टीच्या पुढे. पोर वाचलं. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

यशवंतही पुढे, १९०५ मध्ये, प्लेगनेच गेला.