पालकाची भाजी

ताटात अन्न टाकणाऱ्या मुलाला दटावताना आपल्याकडे एक ठरलेले वाक्य उच्चारले जाते : जगात कितीतरी मुलांना दोन घास मिळत नाहीत, आणि तू भाजी टाकतोस! हे वाक्य मी लहानपणी ऐकले आणि आमच्या मुलीनेही ते तिच्या आईकडून ऐकले. वाक्य खोटे नाही. परंतु त्यामुळे एखाद्या मुलाच्या मनात त्या उपाशी मुलाविषयी माया उत्पन्न झाल्याचे मी पाहिलेले नाही. झालाच तर थोडा रागच उत्पन्न होतो. कारण त्याच्यापायी नावडती भाजी संपवावी लागते! दूर देशीच्या त्या मुलाला नाव नाही, खोड्या नाहीत, आवडनिवड नाही. त्याला फक्त भूक आहे. नुसती भूक असलेल्या माणसाशी सात वर्षांच्या पोरीने जवळीक तरी कशी करावी?

२०२२ साली आम्ही जामनगरला होतो. युक्रेनमधून पोलंडच्या सरहद्दीकडे निघालेली कुटुंबे दूरचित्रवाणीवर रोज दिसत. कुणाच्या हाती एक पिशवी, कुणाच्या काखेत मांजर. मुलगी बराच वेळ टक लावून पाहत होती. मग तिने विचारले, “बाबा, ह्यांची बदली झाली का?”

घरात हशा पिकला. पण मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. सरकारी नोकराच्या मुलांना घर सोडणे ठाऊक असते. भिंतीवरची चित्रे उतरवणे, मैत्रिणीचा निरोप घेणे, नव्या वर्गात भाषा न कळता गप्प बसणे, हे सारे तिने दोनदा भोगले होते. दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याची सामग्री तिच्यापाशी होतीच. आम्ही ती बाहेरून आणून देण्याच्या खटपटीत होतो एवढेच. मात्र बदली आणि परागंदा होणे यांतला भेद सांगणे भाग होते. बदलीला हुकूम असतो, रुजू होण्याची मुदत असते, सामानाचा ट्रक असतो, आणि पलीकडे एक क्वार्टर — गळके का होईना — आपली वाट पाहत असते. मी म्हटले, “ह्यांना हुकूम नाही, आणि पुढे घर आहे की नाही तेही ठाऊक नाही.” तिने विचारले, “मग त्यांची खोकी कोण नेणार?” प्रत्येक बदलीत तिला स्वतःचे असे एक खोके मिळत असे.

जामनगरपासून थोड्याच अंतरावर, समुद्राकाठी, बालाचडी नावाचे गाव आहे. तेथे आज सैनिक शाळा आहे. पुढच्या रविवारी आम्ही तिकडे गेलो. आणि ज्या पोलंडच्या सरहद्दीवर ती माणसे पोचत होती, त्याच पोलंडची मुले एकदा येथे आली होती, ही हकीकत मी तिला सांगितली. सप्टेंबर १९३९ मध्ये त्या देशावर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. १९४० आणि १९४१ साली पूर्व भागातील लाखो माणसे आगगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आली. पुढे जर्मनी रशियावर उलटला आणि त्या माणसांना सुटकेची वाट मिळाली. थंडी, उपासमार आणि रोगराई यांतून वाचलेल्या शेकडो मुलांना १९४२ मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी येथे आसरा दिला. ती त्यांना ‘बापू’ म्हणत.

“त्यांच्या आया का नाही आल्या?”

हा प्रश्न येणारच होता. काहींच्या आया वारल्या होत्या. काहींनी मात्र मुलांना आपल्या हाताने अनाथालयात नेऊन सोडले होते. आपल्याला बाहेर पडता आले नाही तरी पोरे पडावीत म्हणून. मुलीला मी एवढेच सांगितले, की काही आया वारल्या आणि काहींना तो देश सोडता आला नाही. ती गप्प झाली. परतीच्या वाटेवर तिने आईची ओढणी शेवटपर्यंत मुठीत धरली होती. “एवढ्याशा पोरीला हे कशाला ऐकवायचं?” असे पत्नीने रात्री विचारले. तिचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. तरीही मला वाटते, की दुसऱ्याच्या आईविषयी ऐकताना आपल्या आईची ओढणी घट्ट धरावीशी वाटली नाही, तर ऐकलेले आत पोचले नाही असेच समजावे. कोणत्या वयाला किती सांगावे, याचे माप ज्याने त्याने आपल्या मुलाकडे पाहून ठरवावे. अमुक वर्षापर्यंत जगात सर्व कुशल आहे असे भासवणे मात्र मला पटत नाही.

तिचे मन खरे उघडले ते पालकाच्या गोष्टीने. छावणीतल्या मुलांना पालकाची भाजी मुळीच आवडत नसे. वारंवार तीच वाढली जाऊ लागली, तेव्हा सर्वांनी मिळून संपच पुकारला. आणि जामसाहेबांच्या कानी ते जाताच त्यांनी आचाऱ्याला पालक बंद करायला सांगितले. त्या मुलांपैकी काहींनी पुढे वृद्धापकाळी ही आठवण हसत हसत सांगितली आहे. भुकेने मरता मरता वाचलेली पोरे, पण भाजी नको म्हणण्याचा हक्क त्यांनी सोडला नव्हता! आमची मुलगी खदखदून हसली. तिला ही गोष्ट तीनदा सांगावी लागली. त्यानंतर ती ‘ती बिचारी मुलं’ राहिली नाहीत. ‘आपली पालकवाली मुलं’ झाली.

कीव करायला उंचवटा लागतो. मैत्रीला सपाटी पुरते.

त्या मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला, आमच्या घरी गेलो. आपल्या वाचकांपैकी कोल्हापूरकरांना ठाऊक असेलच, की शहराजवळच्या वळिवड्यास १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, त्यांची भाषा, सारे त्या कौलारू बराकींत चालू होते. परप्रांतात चार घरे जमवून गणपती बसवणाऱ्या आपल्याला याचे मोल निराळे समजावून सांगायला नको. बाजारात आलेल्या त्या गोऱ्या बायका माझ्या आजीने पाहिल्या होत्या, आणि त्यांतल्या काही मोडकेतोडके मराठी बोलत असे ती सांगे.

पोलिश गेले, आणि त्यांच्या बराकींत फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. तेच आजचे गांधीनगर. कोल्हापुरात लग्न ठरले की कापडासाठी पावले तिकडे वळतात. पण आपण ज्या गादीवर बसून साड्या उलगडतो, ती कोणाच्या छावणीवर उभी आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

आम्हीही कापडच घ्यायला गेलो होतो. दुकानाचे मालक साठीपुढचे. मुलीने थेट विचारले, “आजोबा, तुम्ही कॅम्पात राहत होता?”

“मी नाही, बाळ. माझे वडील.” त्यांचे मराठी अस्सल कोल्हापुरी होते.

“येताना त्यांनी खोक्यात काय आणलं होतं?”

त्यांनी हातातला मीटर खाली ठेवला. “खोकं कुठलं? वडील शिंपी होते. शिलाई मशिनचं नुसतं डोकं तेवढं चादरीत बांधून आणलं त्यांनी.”

“आणि मशिनचे पाय?”

“पाय जड. ते तिकडंच राहिले.”

ती विचारात पडली. मग तिने विचारले, “मग इथे ते मशिन कशावर ठेवलं?”

“फळीवर. आणि चाक आई हातानं फिरवायची,” ते म्हणाले, आणि हाताने ते कसे फिरवायचे हे तिला दाखवू लागले.