हिंगोलीची मोकळी चौकट

हिंगोलीत बाहेरगावचा पाहुणा मुक्कामाला आला की दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या दस्तरखानावर हमखास विचारतो, "इथं पाहण्यासारखं काय आहे?" आम्ही औंढा नागनाथचे प्राचीन मंदिर सांगतो, संत नामदेवांचे नरसी सांगतो, निजामाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती तेही सांगतो. आमचे सांगून झाले की पाहुणा म्हणतो, "आणि बाकी?" बाकी म्हणजे माळरान, काळी शेते, मधेच एखादी बाभूळ आणि वर भलेमोठे आकाश.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेली आमची मुले गाव विचारले की "नांदेडजवळ" असे सांगून मोकळी होतात. शाळेत शिकवताना हे आम्हाला फार खटकते. ज्या मुलाला आपल्या गावात काही दिसतच नाही, तो उद्या त्या गावासाठी काही करील, अशी आशा कशी धरायची?

या "काहीच नाही"वरचा एक चांगला उपाय आम्हाला सापडला, तो आमच्या भाच्यामुळे. पुण्यात नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी हौशी मित्रांबरोबर कॅमेरा घेऊन भटकतो. त्यांचा आवडता प्रकार म्हणजे मिनिमलिस्ट फोटोग्राफी. सोप्या भाषेत सांगायचे तर कमीत कमी गोष्टींचा फोटो. चौकटीत एकच वस्तू ठेवायची, फार तर दोन. उरलेली जागा आकाशाला, पाण्याला किंवा एखाद्या कोऱ्या भिंतीला द्यायची. लग्नाच्या फोटोत कोणी सुटू नये म्हणून आपण सगळ्यांना दाटीवाटीने उभे करतो. इथे उलट आहे. काय सोडून द्यायचे, हे आधी ठरवायचे.

ही कला महागड्या कॅमेऱ्यावर अडत नाही आणि हौशी माणसांना ती नेहमीच जवळची वाटली आहे. तसा कॅमेऱ्याचा छंद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 मध्ये, आणि तिच्यात डॉक्टर, अधिकारी असे पेशाने छायाचित्रकार नसलेले लोकही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतलेच एक.

शाबान महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे निघालो: आम्ही दोघे, दहावीतली मुलगी, धाकटा मुलगा आणि भाचा. सामान म्हणजे तीन मोबाइल, भाच्याचा एक जुना कॅमेरा आणि भाकरी-चटणीचा डबा.

फजरनंतर पहिला थांबा कयाधू नदीचा. हीच नदी नरसीवरून वाहत येते आणि पुढे पैनगंगेला मिळते. फेब्रुवारीत पात्र आटलेले, पाणी जागोजागी डबक्यांत साचलेले. मुलाने धडाधड वीस फोटो काढले. प्रत्येकात नदी होती, पूल होता, प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, विजेचे खांब होते. भाचा म्हणाला, "आता गुडघ्यावर बस आणि खालून बघ." मुलगा बसला. पूल चौकटीबाहेर गेला, खांबही गेले. एक बगळा उरला आणि त्याच्यामागे फिकट पाणी. बगळा मान वळवीपर्यंत मुलगा श्वास रोखून बसला होता. वर्गात पाच मिनिटे एका जागी न बसणारे हे मूल!

तिथून औंढ्याचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली शेते. एका बांधावर लिंबाचे एकटे झाड होते, तिथे आम्ही उतरलो. मायकेल केना नावाचे ब्रिटिश छायाचित्रकार जपानच्या होक्काइडो बेटावर बर्फात उभी असलेली अशीच एकटी झाडे टिपण्यासाठी जगभर ओळखले जातात. तिथे खाली पांढरे बर्फ, आमच्याकडे खाली काळी माती. झाड तेवढेच एकटे, तेवढेच ताठ. या झाडावरून आम्ही वर्षानुवर्षे एसटीने गेलो आहोत. त्याची एक फांदी पूर्वेकडे जमिनीला टेकायला आली आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

औंढ्याच्या परिसराला हा मोकळेपणाच आता एक मोठे काम मिळवून देतो आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा इथे उभी राहायची आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या आणि त्यांतून धावणारा लेसरचा किरण, अशी तिची रचना. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर त्या धक्क्याने या भुजांच्या लांबीत प्रोटॉनहूनही कितीतरी लहान फरक पडतो. तो मोजायचा. अशा यंत्राला कारखान्यांची, आगगाड्यांची, वर्दळीची थरथर सोसत नाही. म्हणून देशात अनेक ठिकाणे तपासून पाहिल्यावर हे ठिकाण निवडले गेले. आम्ही मुलांना एवढेच म्हणालो, "जगातल्या शास्त्रज्ञांना जी शांतता शोधून सापडली, तिला आपण 'काहीच नाही' म्हणत होतो."

दुपारी सिद्धेश्वर धरणाच्या जलाशयावर पोहोचलो. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली हे सिद्धेश्वर. काठावर पाणी उतरत गेल्याच्या रेषा चिखलात एकाखाली एक उमटल्या होत्या, वहीच्या पानावर आखाव्यात तशा. मुलगी बराच वेळ त्या रेषांचेच फोटो घेत राहिली. ते पाहून आम्हाला नसरीन मोहम्मदींची आठवण झाली.

त्यांचे नाव आपल्या घरांत फारसे कोणाला माहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. नसरीन मोहम्मदी यांचा जन्म 1937 मध्ये कराचीत झाला, त्या वाढल्या मुंबईत. लंडन आणि पॅरिसमध्ये चित्रकला शिकल्या आणि 1972 पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागल्या. पेन, पेन्सिल आणि पट्टीने काढलेल्या बारीक रेषा, एवढीच त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रांची सामग्री. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही. त्या आयुष्यभर फोटोही काढत होत्या. समुद्रकिनाऱ्यावर लाटांनी सोडलेल्या खुणा, मागावरचे ताणलेले धागे, रस्त्यावरचे पट्टे, फतेहपूर सिक्रीच्या दगडी फरसबंदीतल्या रेषा. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत, ते त्यांच्या स्वतःसाठीच होते. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर साथ देईना, तरी कागदावरची रेषा त्यांनी सरळच ठेवली. 1990 मध्ये अलिबागजवळ किहीम इथे त्यांचा इंतकाल झाला. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' हे नवे दालन उघडले, तेव्हा तिथल्या पहिल्या प्रदर्शनांपैकी एक त्यांच्या कामाचे होते.

किहीमची वाळू आणि सिद्धेश्वरचा चिखल, दोन्हींवर पाणीच रेषा ओढते. मुलीने विचारले, "त्या टीचर होत्या?" आम्ही हो म्हणालो. ती पुन्हा चिखलाकडे वळली.

या छंदाचा आणखी एक फायदा आपल्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आपल्यापैकी अनेक घरांत माणसांच्या तसबिरी भिंतीवर लावत नाहीत. मुलीचा फोटो मोबाइलवरून कुठच्या कुठे जाईल, ही आयांची काळजीही खोटी नाही. त्यामुळे मुलीच्या हाती कॅमेरा द्यायला घरचे कचरतात. इथे चेहऱ्याची गरजच पडत नाही. झाड, पाणी, जिना, सावली, दोरीवर वाळणारा एक पांढरा रुमाल, एवढे पुरते. आमच्या अम्मींना फोटोचे वावडे. पण त्या रात्री त्यांनी लिंबाचे झाड चष्मा लावून दोनदा पाहिले आणि "माशाअल्लाह" म्हणाल्या.

शेवटचा टप्पा वसमतचा. हा हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तालुक्यात हळद संशोधन केंद्रही आहे. शेतातून काढलेली हळद बॉयलरच्या वाफेवर शिजवतात आणि मग दहा-पंधरा दिवस उन्हात पसरून वाळवतात. एका शेतात मालकाला विचारून आम्ही आत गेलो. डोळ्यांत मावणार नाही एवढा पिवळा रंग जमिनीवर पसरलेला, आणि त्याच्या कडेला टेकवून ठेवलेले एकच लाकडी फावडे. त्याची सावली लांब होत चालली होती.

हळद हलवणाऱ्या एका मावशीने पदर सावरत विचारले, "काय फोटू काढायलाव बाबा? हळदच तर हाय." भाच्याने "मावशी, तुमचा नाही, हळदीचाच काढतोय," असे सांगून स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. चौकटीत वर पिवळे, खाली पिवळे, आणि मधे काळी रेघ ओढावी तसे फावडे. मावशी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आमच्याच वावरातलं हाय व्हय?"

दिवसभरात इतके फोटो निघाले, पण त्या प्रश्नाची सर कशालाच आली नाही. रोज बारा तास ज्या रंगात हात बुडालेले असतात, तो रंग कोणी तरी थांबून पाहावा, असे त्या बाईच्या वाट्याला किती वेळा येत असेल? परतताना भाच्याने तो फोटो पुण्याच्या मित्रांना पाठवला. खाली त्याने लिहिले होते, "वसमत, जिल्हा हिंगोली. माझा जिल्हा."

वाचकांपैकी कोणाला मुलांसह हा छंद सुरू करायचा असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. निघण्याआधी मऊ कापडाने मोबाइलची काच पुसावी, अर्धे काम तिथेच होते. झूम करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. पाठीमागे गर्दी असेल तर खाली बसावे, म्हणजे मागे आकाश येते. वस्तू अगदी मधोमध न ठेवता कडेला ठेवून पाहावी आणि तिच्यासमोर जागा मोकळी सोडावी. मुलांना दिवसाला पाचच फोटोंची मर्यादा घालावी, म्हणजे ती बटण दाबण्याआधी विचार करतात. शेतात, धरणावर, रेल्वे स्टेशनवर आधी विचारावे. कष्ट करणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय घेऊ नये.

आणि सरावासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. 29 तारखेच्या संध्याकाळी मगरीबनंतर आपण सगळे गच्चीवर उभे राहून काय करतो? एवढ्या मोठ्या मोकळ्या आकाशात केसाएवढी एक रेघ शोधतो. ती दिसली की शेजारच्याला बोटाने दाखवतो, लहानांना उचलून घेतो. कमी पाहणे आणि नीट पाहणे आपल्या घराघरांत असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. यंदा रमजानचा चांद दिसला की आधी दुआ करावी, मग मोबाइल काढावा. पडद्यावर चांदावर बोट ठेवून उजेड कमी करावा, म्हणजे आकाश गडद होते आणि रेघ उठून दिसते. फोटो नातेवाइकांना पाठवाल, तेव्हा खाली आपल्या गावाचे नाव लिहायला विसरू नका.