लाल इशारा आणि वर्धेकाठची वस्ती

नागपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी वर्धा जंक्शन सोडते, पुलगाव मागे टाकते आणि थोड्याच वेळात पुलाचा खडखडाट सुरू होतो. खाली वर्धा नदी असते. अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. उन्हाळ्यात पाहावे तर वाळू, खडक आणि मधूनच पाण्याची एक बारीक धार. ही नदी गावे गिळू शकते, असे सांगितले तर नवख्या माणसाला ते खरे वाटणार नाही. पण श्रावणात याच पुलावरून खाली पाहावे! मातकट पाणी काठ सोडून शेतात शिरलेले दिसते आणि पऱ्हाटीचे तास त्याखाली नाहीसे झालेले असतात.

वादळ म्हटले की आपल्या लोकांना कोकण आठवते, नाही तर ओरिसाचा किनारा. “समुद्र कुठे, आपण कुठे?” असे वर्धेकडचा माणूस सहज म्हणतो. परंतु विदर्भाचा मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागराकडूनच येतो. तिथे कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-चार दिवसांत आपल्याकडचे नाले भरतात. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आले. वारा जमिनीवर येऊन मंदावला, पण ढग पुढे सरकत राहिले. २८ सप्टेंबरला आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात नागपूर-नांदेड एसटी बस वाहून गेली आणि माणसे दगावली. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर वादळाने बळी घेतले ते असे.

हवामान खाते इशाऱ्याला रंग देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर खाते त्याला अतिवृष्टीतलाही सर्वात वरचा दर्जा देते. वर्धा जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण हजार मिलिमीटर. म्हणजे वर्षभराच्या पावसाचा पाचवा हिस्सा एका दिवसात कोसळणार, असा त्या लाल रंगाचा अर्थ आहे.

शिवाय इथे नुसते आभाळ पाहून भागत नाही. आपल्या गावात ऊन पडलेले असते आणि नदी मात्र फुगत असते. वर्धेचा उगम मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातील मुलताईकडचा. पाऊस तिकडे पडतो. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचे १३ दरवाजे आहेत, खाली आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धेचे ३१ दरवाजे. वरचे दरवाजे उघडले की खालच्या काठाला सावध करावे लागते. वर्धा तुडुंब असली की यशोदा, वणा या उपनद्यांचे पाणी तिच्यात शिरत नाही. ते मागे फुगते आणि नदीपासून लांबच्या वाटणाऱ्या वस्तीतही घुसते. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर या तालुक्यांनी हा अनुभव घेतला. गावांना वेढा पडला आणि माणसे बोटीतून काढावी लागली.

याच नदीवर, वरच्या अंगाला नागपूर जिल्ह्यात मोवाड आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेचा महापूर या गावात शिरला आणि २०४ जीव गेले. त्या काळी हातात मोबाईल नव्हता. गाव पुढे नव्या जागी वसवावे लागले. आजही ३० जुलै आला की तिथली माणसे आपल्या गेलेल्यांना आठवतात.

आता आपल्या घरची गोष्ट. पूर्वी इशारा दवंडीने येई. ही दवंडी बहुतेक गावांत आपल्याच आजोबा-पणजोबांना द्यावी लागे. रात्री-अपरात्री, पावसात, गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गावाला सावध करणारा तो, पण त्याची स्वतःची वस्ती अनेक ठिकाणी गावकुसाबाहेर, नाल्याच्या कडेला, सखल जागी. पाणी आधी त्याच्याच उंबऱ्याशी. आज दवंडी गेली, भोंगा आणि मोबाईल आला, पण पुष्कळ वस्त्या जिथल्या तिथेच आहेत. म्हणून लाल इशारा गावासाठी एक असला, तरी आपल्या वस्तीला तो आधी लागू होतो.

तरीही माणसे घर सोडत नाहीत. “आमच्या दारात तं कधीच नाई आलं पानी,” असे म्हातारी माणसे ठामपणे सांगतात. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण दोन शेळ्या, कोठीतले धान्य, पत्र्याखाली ठेवलेली कागदपत्रे आणि उद्याची मजुरी सोडून जायचे कुठे? शाळेची किल्ली कोणाकडे आहे, तेही ठाऊक नसते. मागे दोनदा इशारा आला आणि पाऊस हुलकावणी देऊन गेला, हेही आठवत असते. नुसते “स्थलांतर करा” म्हणून भागत नाही. जायची जागा आणि न्यायला येणारा माणूस, दोन्ही हवेत.

ओरिसाने हे करून दाखवले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा लाखो लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. हेही वादळ क्रूरच होते. फरक पडला तो माणसांच्या तयारीने.

पुराकडे दैवाचा कोप म्हणून न पाहता नियोजनाचा प्रश्न म्हणून पाहावे, ही दृष्टी आपल्याला परकी नाही. १९४३ मध्ये दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार माजवला. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांनी पुढे नेली आणि त्यांच्याच काळात, १९४५ मध्ये, केंद्रीय जलमार्ग मंडळ उभे राहिले. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. देशातल्या नद्यांच्या पुराचा अंदाज हाच आयोग देतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पावसाळ्याआधी एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या कामाला द्या. वस्तीत एकट्या म्हाताऱ्या किती, बाळंतिणी किती, चालता न येणारे किती, याची यादी करा. उंचावरची शाळा किंवा विहार ठरवा आणि किल्ली कोणाकडे राहील ते पक्के करा. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. तरुणांनी १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक पाठ करून ठेवावा. गुरांचे दावे आधी सोडा, ती आपला जीव वाचवतात.

आणि पाणी दिसायची वाट पाहू नका. आपल्याकडची माती काळी आहे. तासभर पाऊस झाला की पांदण रस्त्यावर पाय रुततो, बैलगाडीही निघत नाही, आणि गावाबाहेरचा रपटा नदीच्या आधीच बुडतो. पूर दारात येतो तेव्हा रस्ता केव्हाच गेलेला असतो. इशारा खोटा ठरला तर एक रात्र शाळेच्या फरशीवर जाईल, एक दिवसाची मजुरी बुडेल. गरिबाला तेही जड आहे, हे खरे. पण बुडालेली मजुरी पुन्हा मिळवता येते.