अंगठ्याचं माप

दादरच्या त्या दवाखान्यात शनिवारी दुपारी गर्दी कमी असायची. तेव्हा आम्ही सुया तपासायला बसायचो. स्टीलची सुई चिमटीत धरायची आणि दुसऱ्या हातातल्या कापसातून हलकेच ओढून काढायची. टोकाला तंतू अडकून आला की समजायचं, टोक मुडपलंय. मग ते बारीक दगडावर फिरवायचं, सुई पुन्हा कापसातून ओढायची, पुसायची आणि स्टरलायझरमध्ये टाकायची. वाकलेली सुई सरळ करण्याच्या फंदात पडायचं नाही, ती सरळ बाद. एका डबीत पन्नास सुया असत आणि त्या वर्षभर पुरवाव्या लागत.

ही १९८३ ची गोष्ट. मी नुकतीच बी. एस्सी. झाले होते. त्या दवाखान्यातले आमचे सर एमबीबीएस. चीनमध्ये काही महिने राहून ते अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले होते. बीजिंग, शांघाय आणि नानजिंग इथे परदेशी डॉक्टरांसाठी १९७५ पासून असे वर्ग चालत. आम्ही सहा जण संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला जायचो. प्रमाणपत्र नव्हतं, परीक्षा नव्हती. सर म्हणाले ‘आता लाव’, की आपण पास.

घरी आईला आधी हे पसंत नव्हतं. ‘चिनी सुया टोचायला शिकणार?’ असं ती म्हणाली. मग तिला आठवले ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ तिने पाहिलेला होता, आणि तेवढ्यावर परवानगी मिळाली. खरं तर कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. सुयांची विद्या भारतात रुजवली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते चीनमध्ये ती शिकले आणि कोलकात्यात उपचार करू लागले. आमच्यापर्यंत ही विद्या आली ती अशा मैत्रीच्या वाटेने, हे मला आजही मोलाचं वाटतं.

पहिला धडा होता मापाचा. चिनी वैद्यकात अंतर मोजायचं ‘त्सुन’मध्ये. अंगठ्याच्या पेराची रुंदी म्हणजे एक त्सुन, चार बोटं जोडून तीन त्सुन. पण अंगठा कुणाचा? रुग्णाचा! हे कळायलाच आम्हाला आठवडा लागला. मी आपली माझीच बोटं रुग्णाच्या पायावर ठेवायची आणि सर माझा हात बाजूला सारायचे. गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळीपासून त्याचीच चार बोटं खाली मोजायची, नडगीच्या कडेपासून बाहेर एक बोट सरकायचं, तिथे दाबायचं. जागा बरोबर असली तर माणूस ‘हं, तिथेच’ म्हणतो. तो बिंदू ‘त्सुसानली’, पायावरचे तीन ली. ‘ली’ हे अंतराचं चिनी माप. थकलेला माणूस या बिंदूच्या जोरावर आणखी तीन ली चालेल, असं सर नावाचं कारण सांगायचे. अंगठा आणि तर्जनीच्या मधला तो ‘होकू’. गरोदर बाईला होकूवर सुई लावायची नाही, हे तर पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं.

सरावासाठी मऊ कागदाच्या घड्या दोऱ्याने घट्ट बांधून गठ्ठा करायचो. त्यात सुई बोटांनी फिरवत न वाकवता उतरवायची. पंधरा दिवस कागद, मग कापसाचा गोळा, मग स्वतःचा पाय. सुई जागेवर पोचली की आत एक जडपणा येतो, ताण पसरतो. चिनी लोक त्याला ‘देची’ म्हणतात. मला तो पहिल्यांदा स्वतःच्या पायात जाणवला, तेव्हा मी आनंदाने ओरडले होते.

सर ब्राँझच्या माणसाची गोष्ट रंगवून सांगायचे. सोंग राजवटीत १०२७ मध्ये वांग वेइयी या राजवैद्याने पुरुषाकृती पुतळे ओतवून घेतले. अंगावर बिंदूंच्या जागी भोकं होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर देत आणि आत पाणी भरत. विद्यार्थ्याची सुई नेमकी बसली तर पाणी बाहेर यायचं. आमच्याकडे असा पुतळा कुठला? भिंतीवरचा एक तक्ता होता, तोही कडेने फाटलेला. त्यावर चौदा रेषा आणि ३६१ बिंदू होते.

तक्त्यावर नव्हतं ते म्हणजे त्वचेच्या आतलं शरीर. फुप्फुसाचं टोक खांद्याच्या कुठवर येतं, मणक्याच्या बाजूला स्नायू किती पातळ आहे, कोणती दुखणी सुईची नाहीतच, हे आम्हाला कुणी वर्ग घेऊन शिकवलं नाही. सर सगळं जाणत होते, पण त्यांना ते इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं राहून जायचं.

आमच्या चाळीतल्या एक काकू पाठ दुखते म्हणून माझ्याकडे आल्या. मी तीन आठवडे त्यांच्या पाठीला आणि गुडघ्यामागे सुया लावल्या. दोन तास बरं वाटायचं, रात्री पुन्हा दुखायचं. मी बिंदू बदलत राहिले. शेवटी त्यांना सरांकडे नेलं. सरांनी नाडीसुद्धा पाहिली नाही. विचारलं, ‘संध्याकाळी कणकण येते का? ब्लाऊज सैल झालेत का?’ दोन्हीला काकू हो म्हणाल्या. एक्स-रे काढला, तर मणक्याचा क्षय निघाला. औषधं लांबली, पण काकू बऱ्या झाल्या. सुया लावायला मला येत होत्या. ताप विचारायला मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

चीनमध्ये हा प्रश्न कधीच ओळखला गेला होता. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची चार महाविद्यालयं निघाली. त्याआधी मुलगा बापाकडून किंवा शिष्य गुरूकडून शिकायचा, औषधयोग पद्यात पाठ करायचा. आज तिथला विद्यार्थी पाच वर्षं शिकतो. यिन-यांग, नाडी, जिभेची परीक्षा आणि वनौषधी तो शिकतोच, पण त्यांच्या जोडीला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र आणि आधुनिक रोगनिदानही शिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही आधुनिक वैद्यकाची पायाभूत ओळख आणि सुरक्षिततेचे नियम आहेत. ती वाचताना मला काकूंची पाठ आठवली.

आपल्याकडेही दिवस पालटले. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. आता मी अधूनमधून शिकवायला जाते, तेव्हा मुलांच्या हातात निर्जंतुक केलेली, एकदाच वापरायची सुई असते. पाकीट फाडायचं, नळीतून टिचकी मारायची, काम झालं की डब्यात टाकायची. कापूस नाही, दगड नाही. ते गेलं याचं मला मुळीच दुःख नाही. आम्ही किती जणांना कावीळ देता देता वाचलो, देव जाणे.

बिंदूंची नावंही बदलली. त्सुसानली आता ‘एसटी ३६’, होकू ‘एलआय ४’. जगभरातल्या लोकांना एकमेकांचं कळावं म्हणून आकडे हवेतच. पण ‘तीन ली’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चालणारा माणूस येतो, तो आकड्यातून येत नाही.

आणि बोट. ही हळहळ मात्र खरी आहे. गेल्या पावसाळ्यात एका मुलीला पायावरचा बिंदू दाखव म्हटलं. तिने खालच्या स्नायूचं, नसेचं, रक्तवाहिनीचं नाव घडाघडा सांगितलं. मी तिच्या वयाची असताना यातलं एकही मला सांगता आलं नसतं. मग तिने मोबाइलवर चित्र काढलं, पायाशी ताडून पाहिलं आणि पेनाने खूण केली. रुग्ण चांगले उंचेपुरे आजोबा होते. तिची खूण बोटभर वर होती. मी आजोबांना म्हटलं, ‘आजोबा, तुमची चार बोटं द्या जरा.’ त्यांनी बोटं जोडून पायावर ठेवली. मुलीने त्यांच्या खाली, नडगीच्या बाहेर, अंगठा दाबला.

‘हं, तिथेच,’ आजोबा म्हणाले.

कागदाचा गठ्ठा बांधायला मी अजून शिकवते, बोटांनी माप घ्यायलाही. पण कुणी मला विचारलं की आमचा काळ बरा की यांचा, तर मी यांचाच म्हणते. पाठीच्या बिंदूंचा तास मी मुद्दाम मागून घेते. त्या दिवशी वर्गात सुया न्यायच्या नसतात. काकूंची गोष्ट सांगते आणि मग पुढचा तासभर मुलं एकमेकांना फक्त प्रश्न विचारतात.