डोंगा, पत्रा की फायबर? लेकरं बसणार असतील तर नाव कशी पाहायची

या पानावर नेहमी पऱ्हाटी, तूर, सोयाबीनचं लिहितो. आज नावेचं लिहितो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत धरण, मामा तलाव नाहीतर नदी यांच्या काठानं वावर असलेले कास्तकार भरपूर आहेत. त्यातले कित्येक सकाळी जाळं उचलतात आणि दुपारी डवरणीला जातात. आमचं घर त्यातलंच.

आमची परिस्थिती अशी. चारगाव धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडं घर, पलीकडं साडेतीन एकर वावर. रस्त्यानं फेरा मारून सात किलोमीटर, पाण्यानं पंधरा मिनिटं. मासेमारी संस्थेचा मी सभासद, त्यामुळे नाव तशीही लागतेच. बायको वावरातही सोबत असते आणि जाळ्यालाही. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. आजी असेपर्यंत लेकरं घरी राहायची. आता घरी पाहणारं कोणी नाही. म्हणजे निंदणाच्या दिवसांत चौघंही पाण्यावरून जाणार. मग बाबांच्या वेळचा डोंगा चालेल का, हा प्रश्न आला.

डोंग्याला मी नावं ठेवणार नाही. एका खोडातून कोरलेला, अरुंद, हलका चालणारा. कमळाच्या वेलातून, बेशरमच्या झुडपातून एकटा माणूस बांबूनं रेटत नेतो. बाबा म्हणायचे, "डोंगा पाण्याले ओळखते, पण मानूस हालला का डोंगा हालते." हे वाक्य मोठ्या माणसासाठी ठीक आहे. अडीच वर्षांचं लेकरू हालल्याशिवाय राहत नाही. शिवाय तसं खोड आता मिळत नाही आणि जुनं किती दिवस टिकवणार?

भीती उगाच नाही. 23 जानेवारी 2024 ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटून 6 बाया गेल्या. मिरची तोडायला नदीपलीकडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मजुरीला निघाल्या होत्या. सप्टेंबर 2021 मध्ये वरुडकडं झुंजला वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले, एकाच गोतातले. मे 2024 मध्ये उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं बोट उलटली, 6 जण बुडाले. त्यात लहान लेकरंही होती. यातलं कोणी कामाला, कोणी नातेवाइकांकडं निघालं होतं.

आता हिशेब. खताचा हिशेब आपण काढतो, तसाच नावेचा काढता येतो.

पहिला हिशेब वजनाचा. आम्ही चौघं मिळून 140 किलो. जाळं, वल्ही, डबा, बादली 20 किलो. चांगल्या दिवशी रोहू, कतला, मृगळ मिळून 40 किलो. एकूण 200 किलो. एक घनफूट पाणी म्हणजे साधारण 28 किलो. नाव जितकं पाणी बाजूला सारते तितकंच वजन पेलते. आमचा डोंगा 14 फूट लांब, मधोमध पावणेदोन फूट रुंद. टोकं निमुळती म्हणून पाचातला एक भाग सोडला, तर एक इंच बुडाला की 46 किलो पेलतो. म्हणजे 200 किलोला सव्वाचार इंच. रिकामा असतानाच तो सहा इंच पाण्यात असतो आणि काठ एकूण चौदा इंच. उरले पावणेचार इंच, म्हणजे चार बोटं. वाऱ्याची एक लाट पुरे.

तीच 14 फुटी नाव सपाट बुडाची आणि साडेचार फूट रुंद घेतली, तर एका इंचाला 119 किलो पेलते. नाव 130 किलोची धरली तरी सगळं मिळून तीन इंचाच्या आत बुडते. काठ अठरा इंच असेल तर पंधरा इंच कोरडे राहतात.

दुसरा हिशेब कलंडण्याचा. हा जास्त महत्त्वाचा. रुंदी दुप्पट केली की कलंडायला होणारा विरोध दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतो. म्हणून लांबीपेक्षा रुंदीला पैसा द्यावा. लांब नावेत जागा दिसते, पण लेकरू काठावर वाकलं की कामाला येते ती रुंदी. आणि बसायची पाटी खाली असावी. उंच पाटीवर बसलेला माणूस म्हणजे बंडीवर उंच भरलेला कडबा.

तिसरा हिशेब पाणी भरल्यावरचा. हा विकणारा स्वतःहून सांगत नाही, आपण विचारावं. पत्र्याची नाव गावचा वेल्डर बनवून देतो. आम्हाला सांगितलेला भाव फायबरच्या निम्म्याच्या आत होता. पण पाणी भरलं की ती दगडासारखी तळाला जाते. शिवाय गंज आतून लागतो, दर पावसाळ्याआधी खरवडून रंग द्यावा लागतो. नुसतं फायबरही पाण्यापेक्षा जड असतं, तेही बुडतं. फायबरच्या नावेत पाटीखाली आणि दोन्ही टोकांना बंद कप्पे करून त्यात फोम भरलेला असेल, तरच ती पाणी भरूनही वर राहते. एक घनफूट फोम 25 किलोच्या वर तोलून धरतो. आमच्या मापाच्या नावेला चार घनफूट फोम असला, तर पाणी भरलेली नाव वर राहून चौघांना काठ धरून थांबता येतं. कप्पा ठोकून पाहा. "फोम आहे" असं सांगतात आणि आत नुसती हवा असते. एक भेग पडली की हवा गेली.

ट्रॅक्टरची ट्यूब आणि थर्माकोलचा तराफा पुष्कळ जण वापरतात. एकट्या पोहणाऱ्यापुरतं त्यांचं ते पाहतील, पण लेकरू त्यावर बसवू नये. थर्माकोल पेट्रोलनं विरघळतं, हेही छोटं इंजिन लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

लाकडाला पूर्ण फुली मारायची गरज नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर फायबरचा थर देऊन होड्या बनवून दाखवल्या आहेत. मरीन प्लायवर फायबर चढवूनही नाव होते. त्यात प्लाय आयएस 710 चा छाप पाहूनच घ्यावा. फर्निचरचा प्लाय पाण्यात फुगतो.

हे सगळं मी कागदावर मांडलं, तेव्हा बायकोनं एक प्रश्न विचारला, तो कोणत्याच हिशेबात नव्हता. "लेकरू मांडीवर असते तेव्हा माहे दोन्ही हात गुंतले राहतात. तुम्ही पाण्यात पडले तर मी लेकरू धरू का वल्हं मारू?"

तिथून निवड बदलली. चौघांची नाव एका माणसाला सांभाळता आली पाहिजे, तोही एका हातानं अर्धा गुंतलेला. म्हणून 16 फुटी रद्द केली, 14 फुटी ठेवली. वल्ही काठाला कड्यात अडकवलेली, म्हणजे सोडली तरी वाहून जाणार नाहीत. मागं दोरीची पायरी, म्हणजे पडलेला माणूस काठाला लोंबकळून नाव न कलंडवता वर चढेल. लेकरांची जागा मधोमध खाली. जाळं मागच्या भागात, मधे आडवी फळी. नायलॉनचं जाळं लेकराच्या पायात गुंतलं तर पोहता येणाराही काही करू शकत नाही.

पैसे देण्याआधी आम्ही छातीभर पाण्यात नाव तपासली. युरियाच्या रिकाम्या पोत्यांत 45-45 किलो रेती भरली, चार-पाच पोती टाकली. मग आम्ही दोघंही एकाच काठावर बसलो. काठ पाण्यापासून वीतभर वर राहिला. नंतर पोती काढून बादलीनं नाव पाण्यानं भरली. बुडाली नाही. शेवटी बायको पाण्यातून पायरीवरून एकटी वर चढली, तीन वेळा. विकणारा म्हणाला, असं कोणी तपासत नाही. तुम्ही तपासा.

लाइफ जॅकेट नावेसोबत फुकट म्हणून मिळेल ते घेऊ नका. मोठ्याचं जॅकेट लेकराला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि लेकरू खालून निसटतं. लेबलावर किलोचा आकडा पाहून घ्यावं, मानेमागं आधार आणि पायांमधून जाणारा पट्टा असावा. आमची मुलगी 17 किलो, मुलगा 11 किलो, म्हणून दोघांची वेगवेगळी. मुलाचं जॅकेट नावेत नाही, घरीच चपलांजवळ टांगतो. घरातूनच घालून निघायचं.

पैशाचं थोडक्यात. 2020 पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आहे. त्यात सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान मिळतं. पारंपरिक मच्छीमारांना जुन्या नावेच्या बदल्यात नाव आणि जाळं हाही त्यातला भाग आहे. किसान क्रेडिट कार्ड आता मासेमारीलाही मिळतं, आणि 2025 मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. बायको संस्थेची सभासद असेल तर अर्ज तिच्या नावानं करावा. चंद्रपूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा, नाव नंतर ठरवा. आधी विकत घेऊन मागून अनुदान मागायला जाऊ नका.

आम्ही घेतली ती फायबरची, सपाट बुडाची, 14 बाय साडेचार. पण ही निवड साचलेल्या पाण्याची आहे. वर्धा किंवा वैनगंगेच्या वाहत्या पाण्यात, पुरात तर नाहीच, ही नाव मी लेकरांना घेऊन टाकणार नाही. डोंगाही विकला नाही. वेलातलं जाळं पाहायला मी एकटा तोच नेतो.

आणि नाव चांगली घेतली म्हणून सगळं सुटलं असंही नाही. घरात तीन नियम ठरले. पहाटे जाळं उचलायला लेकरं येणार नाहीत. जाळं ओढताना सगळं वजन एका काठावर येतं, तेव्हा एकानं घरी थांबायचं, मासळी थोडी कमी आली तरी चालेल. पाण्यावर लाटांची पांढरी टोकं दिसली किंवा गडगडलं, तर सात किलोमीटरच्या रस्त्यानं जायचं. आणि पाचवा माणूस बसवायचा नाही, पाहुणा असला तरी. त्याच्यासाठी दुसरी खेप मारू.

एक विनंती कास्तकारांना. आपल्या वावरात मिरची तोडायला, कापूस वेचायला बाया पाण्यावरून येत असतील, तर त्या नावेत किती जणी बसतात ते एकदा काठावर उभं राहून मोजा. मजुरीचा हिशेब करतो त्यातच जॅकेटचा खर्च धरा. फवारणीचा पंप आपण मजुराला आणायला लावत नाही, तो आपला असतो. जॅकेटही आपलंच असावं.