एक फुल, दोन हाफ, एक अमृत

जळगावहून धुळ्याला एसटीने निघालो की कंडक्टर आमच्या कुटुंबाची मोजणी अशी करतो : अम्मी पंचाहत्तरीच्या पुढच्या, म्हणून ‘अमृत’, पैसे शून्य. बेगम महिला सन्मान योजनेत, म्हणून हाफ. धाकटा नऊ वर्षांचा, म्हणून तोही हाफ. राहिलो मी. शाळेत मुख्याध्यापकांपुढे, घरात बेगमपुढे आणि मोहल्ल्यात अम्मीपुढे मला कुणी पूर्ण माणूस मानत नाही. तो मान एसटी देते आणि त्याचे पूर्ण पैसे घेते.

गमतीचा भाग सोडा. पण या सवलतींनी एसटीचे रूप पालटले हे खरे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. पूर्वी अम्मीला धुळ्याच्या खालाकडे जायचे तर ईद किंवा कुणाची शादी असे भरभक्कम निमित्त लागे. आता खालाला सर्दी झाली तरी पुरते. बसमध्ये आमच्या अम्मीसारख्या कितीतरी आज्या, मावश्या, खाला आणि आत्या भरलेल्या असतात. पुरुष मंडळी कोपऱ्यात पूर्ण तिकीट मुठीत धरून गप्प बसतात.

आणि या बायका गप्प बसत नाहीत. खान्देशात शेजारच्या सीटवरच्या माणसाला गाव न विचारणे म्हणजे त्याचा अपमान. आधी गाव, मग आडनाव, मग मुले किती, मग त्यांची लग्ने झाली का, झाली नसतील तर का नाही. गिरणेचा पूल येईपर्यंत ओळख होते आणि पाळधी मागे पडेपर्यंत नाते निघते. शहरातली माणसे याला नाक खुपसणे म्हणतात. आमच्याकडे याला प्रवास म्हणतात.

हा रस्ता सुमारे ९० ते ९५ किलोमीटरचा. जळगाव सोडले की बांभोरीजवळ गिरणा लागते. पलीकडे टेकड्यांवर १९९० साली सुरू झालेले विद्यापीठ. आता त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला, ही आम्हा बी.एड. वाल्यांना नम्र करणारी गोष्ट. मग एरंडोल, पुढे भुईकोट किल्ल्याचे पारोळे आणि मग धुळे. पाट्यांवर गावे बदलतात, पण कान उघडे ठेवले तर बोलीही बदलताना ऐकू येते. जळगावच्या बाजूला बहिणाबाईंची लेवा बोली; पारोळ्याकडे सरकावे तशी अहिराणी घट्ट होत जाते. ‘आहे’चे ‘शे’ होते, ‘माझे’चे ‘मनं’ होते.

अम्मीचे माहेर पारोळ्याचे. घरात आमच्याशी उर्दू, भाजीवाल्याशी मराठी. पण एसटीत बसल्या की त्यांची जीभ माहेरी जाते. मागच्या खेपेला शेजारी त्यांच्याच वयाच्या एक आजी होत्या. गाव झाले, मुले झाली, गुडघे झाले. मग डब्यांची वेळ आली आणि दोघीही किंचित थांबल्या. हा थांबा आपण सगळे ओळखतो. द्यावे तर ती खाईल का? न द्यावे तर ती काय म्हणेल? अम्मीने डबा पिशवीतच ठेवला आणि केळी काढली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचा खरा मान कुणी नोंदवलेला नाही. तिला ना ताट लागते, ना चमचा, ना हे कुणाच्या चुलीवर शिजले हा प्रश्न. ती आपल्या सालीत येते आणि दोन्हीकडचा संकोच सोलून काढते. दुसरे केळे संपायच्या आत त्या आजींनीच आपला डबा उघडला आणि कळण्याची भाकरी व ठेचा अम्मीच्या हातावर ठेवला. पुढचा ठसका दोघींनी मिळून घेतला.

पुढच्या सीटवर एक तरुण होता, कानात इयरफोन. मी बेगमला काहीतरी सांगत होतो, ते त्याने ऐकले असावे. एक इयरफोन काढून तो म्हणाला, ‘‘सर, तुम्ही मराठी छान बोलता हं!’’

हे कौतुक तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यात दुष्टावा नसतो, पण एक बारीक काटा असतो. कौतुक पाहुण्याचे करतात. घरच्या माणसाला कुणी म्हणत नाही की तुम्हाला आमच्या घराचा जिना छान चढता येतो. मी वीस वर्षे शाळेत मराठी शिकवतो. काय उत्तर द्यावे याचा विचार करत होतो, तेवढ्यात अम्मीने भाकरीचा घास गिळला आणि विचारले, ‘‘का रे भाऊ, तुले अहिराणी येस का?’’

तो गडबडला. ‘‘समजते आजी, बोलता येत नाही.’’

‘‘तुनी माय बोलस का?’’

‘‘आई बोलते. आजी तर तेवढेच बोलायची.’’

झाले. धुळे येईपर्यंत त्या दोघी म्हाताऱ्यांनी त्याची शाळा घेतली. मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर, सगळे म्हणजे बठ्ठं. दुसरा इयरफोनही निघाला. तो हसत होता, चुकत होता, पुन्हा म्हणत होता. माझा धाकटा मजा बघत होता. अम्मीची नजर त्याच्याकडे वळताच तो खिडकीबाहेरची कपाशी फार लक्ष देऊन पाहू लागला. उतरताना तरुण म्हणाला, ‘‘आजी, तुम्ही अहिराणी छान बोलता.’’

अम्मी म्हणाल्या, ‘‘मनीच भाषा शे ती, भाऊ.’’

मला जे भाषणात सांगता आले नसते ते चार-पाच शब्दांत झाले. बोली आडनाव विचारत नाही. जो बोलेल त्याची ती. आणि जो बोलणार नाही त्याची ती राहत नाही, मग त्याचे आडनाव कोणतेही असो. खान्देश या नावाचेच पाहा. कुणी त्याचा संबंध कान्ह्याशी जोडतात, कुणी फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबाशी. त्या घराण्याचा संस्थापक मलिक राजा इथून उत्तरेला, तापीकाठच्या थाळनेरला दफन आहे. विद्वान वाद घालोत; एसटीत दोन्ही मतांची माणसे एकाच सीटवर दाटीवाटीने बसतात. आणि कंडक्टरचे वाक्य ऐका : ‘‘आजी मोफत, बाईंना सवलत, तुमचे पूर्ण तिकीट.’’ मोफत फारसीतून, सवलत अरबीतून, पूर्ण संस्कृतातून, तिकीट इंग्रजीतून. एवढे सगळे शब्द एका दमात उच्चारून त्याला सुट्या पैशांशिवाय कसलीच चिंता नसते.

धुळ्याला याबाबत एक जुना धडा आहे. १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. पुढे ‘कुरआन सार’ संकलित करणारे तेच विनोबा. ते बोलणे आज ग्रंथरूपाने हाती आहे, कारण समोर बसून ऐकणारा आणि लिहून घेणारा कुणीतरी होता. बोललेले हवेत विरते. टिपून घेतले तर राहते.

म्हणून परतल्यावर सातवीच्या वर्गाला गृहपाठ दिला : दादी-नानीकडून दहा असे शब्द आणा, जे पुस्तकात नाहीत. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांनी सांगितले, ‘‘सर, दादी म्हणते तू वेडा झालास का!’’ दुसऱ्या दिवशी वह्या भरून आल्या. एकीने लिहिले : उर्दूत देख, मराठीत बघ, अहिराणीत दख. खाली एक ओळ जास्तीची होती : ‘‘दादी काल रात्री एक तास बोलली. याआधी तिला कुणी विचारलेच नव्हते.’’

त्या वहीवर मी दहापैकी दहा दिले. तुमच्याही घरात एखादी अशी वही कोरी पडलेली असेल. तिच्याशेजारी बसा आणि खान्देशी रिवाजाप्रमाणे सुरुवात गावापासून करा.