गोधडीच्या पोटातले कागद

ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात एक रेशमी पांघरूण जपलेले आहे. फुले, पक्षी, प्राणी, एक स्त्री व एक पुरुष अशा आकृत्या त्यावर आहेत; शिवाय ‘ई. एच.’ ही आद्याक्षरे आणि १७१८ हे साल. साल नोंदवलेले ब्रिटिश पॅचवर्क म्हणून याहून जुना नमुना आजवर ज्ञात नाही. त्याची दर्शनी बाजू पाहून लोक थक्क होतात, ते योग्यच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र पोटात काय आहे हे आधी विचारावे. पोटात कागद आहेत.

या पद्धतीला आज ‘इंग्लिश पेपर पीसिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या गोधडीशी तिची गल्लत करू नये. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून आरपार धावदोरा घालतात. इथे थर नाहीत. इथे कडेला कड जोडायची असते. कागदाचा अचूक आकार कापायचा, बहुधा षटकोन. त्याहून सुमारे पाव इंच मोठे कापड घेऊन कडा कागदावर दुमडायच्या आणि कच्च्या टाक्याने बसवायच्या. असे दोन षटकोन, सुलट बाजू आत ठेवून, एका कडेने बारीक टाक्यांनी जोडायचे. सुईने दुमडीचे दोन-चार धागेच उचलायचे, कागदाला शक्यतो लागायचे नाही. साही बाजूंना शेजारी मिळाले की कच्चा टाका उसवून कागद काढता येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? षटकोनाच्या काही बाजू उरेब पडणारच, आणि उरेब कापड ताणते. रेशीम तर हातातून निसटतेही. एका तुकड्यातला केसभर फरक शेजारच्या सहांत जातो, तिथून पुढे पसरतो, आणि अखेरीस पांघरूण सपाट बसत नाही. कागद ताणत नाही, म्हणून तो हवा.

आता हा कागद यायचा कुठून? लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद येण्यापूर्वी तो चिंध्यांपासून होई, आणि ब्रिटनमध्ये कागदावरचा कर १८६१ पर्यंत चालू होता. कोरा कागद कातरणे ही चैन होती. म्हणून कात्री चाले ती जुन्या पत्रांवर, हिशेबाच्या वह्यांवर, मुलांच्या कित्त्यांवर, वर्तमानपत्रांवर. झिजलेल्या कपड्यांचा कागद, आणि तोच पुन्हा कपड्याच्या आत.

कापडावरून गोधडीचा काळ सांगणे दिसते तितके सोपे नाही. भारतातल्या रंगीत सुती छिटांनी इंग्लंडला वेड लावले होते. ‘चिंट्झ’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘छीट’चाच नातलग. चिडलेल्या विणकरांनी १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांत छीट नेसलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले. १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली, आणि ती १७७४ पर्यंत टिकली. पण आवडते कापड कोणी कायद्यासाठी फेकत नाही. आजीच्या झग्याचा तुकडा नातीच्या पांघरुणात सापडू शकतो. कागदही जपून ठेवला जातोच. तरी त्यावर तारीख असेल तर एक गोष्ट पक्की होते: तो टाका त्या तारखेनंतरचा आहे. त्याच्या आधीचा असूच शकत नाही.

जेन ऑस्टिनने मे १८११ मध्ये बहीण कॅसॅन्ड्राला पत्रातून विचारले होते, पॅचवर्कसाठी तुकडे गोळा करायचे लक्षात आहे ना? या मायलेकींच्या हातचे म्हणून ओळखले जाणारे पांघरूण आज चॉटनच्या घरी पाहता येते. पत्र आणि पांघरूण दोन्ही हाती असण्याचा हा दुर्मीळ योग. कॅसॅन्ड्राने पुढे जेनची बरीच पत्रे नष्ट केली. जी उरली ती जगाने जपली, कारण ती ऑस्टिनची होती. ज्यांना कोणी ओळखत नव्हते अशा बायकांची पत्रे उरलीच तर कधी कधी अशी उरतात: षटकोनी, अर्ध्या वाक्यावर तुटलेली.

आणि इथेच पेच आहे. पांघरूण पूर्ण करायचे तर अस्तर लावण्यापूर्वी बहुधा कागद काढले जातात. म्हणजे काम तडीस गेले की दस्तऐवज गेला. संशोधकाला मोलाची ठरते ती ट्रंकेत अर्धवट पडून राहिलेली गोधडी. आजही अशी जुनी अर्धी पॅचवर्के हौसेने विकत घेऊन पूर्ण केली जातात. हेतू चांगला असतो, पण ते करू नये. कागद तसेच राहू देण्याचीही किंमत आहे: आम्लयुक्त कागद पिवळा पडतो, सोबत कापडालाही खातो. निदान मागची बाजू तुकड्यातुकड्याने छायाचित्रित करावी, कोणता कागद कुठे होता ते टिपावे.

त्यातूनही सगळे वाचता येत नाही. दिसतो तो कागदाचा मधला भाग. ओळींची टोके पाव इंच दुमडीखाली झाकलेली असतात. ती वाचायची तर कच्चा टाका उसवावा लागतो, आणि तो टाकाही तिच्याच हातचा असतो.